कापलेली एक्केचाळीस मिनिटं

टीव्ही केंद्रात तिला सगळे कात्री म्हणत. साहेब लोकसुद्धा. "कात्री कुठाय? जेवायला गेली? आली की पाठवा," असा निरोप दिवसातून चारदा तरी निघायचा आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. काम होतंच कापण्याचं. रेकॉर्ड झालेल्या तास-दीड तासातून बावीस मिनिटांचा कार्यक्रम काढायचा, खोकला काढायचा, अडखळणं काढायचं, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की माणूस एका दमात बोलून गेला. तिची खोली जिन्याखाली होती. खिडकी नव्हती. दोन पडदे, एक फिरती खुर्ची, पाठीला टेकायला दुमडलेली शाल, आणि दारावर आतून चिकटवलेला शनी ग्रहाचा फोटो.

तो फोटो काकांनी दिलेला. काका म्हणजे 'आकाशातले शेजारी' सांगणारे काका. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि केंद्राने त्यांना सहा भागांसाठी बोलावलं. त्या सहा भागांची नऊ वर्षं झाली. दर शनिवारी संध्याकाळी ते करड्या कोटात पडद्यावर येऊन उभे राहायचे, खांद्यावरची कापडी पिशवी टेबलावर ठेवायचे आणि तिच्यातून काहीबाही काढायचे. मिरीचा दाणा, लिंबू, शर्टाचं बटण, दोऱ्याचं रीळ. "हा दाणा म्हणजे आपण राहतो ते घर," असं म्हणून मिरीचा दाणा कॅमेऱ्यासमोर धरायचे, "आणि सूर्य दाखवायला मला भोपळा लागेल, तो काही या पिशवीत मावत नाही." लोक हसायचे आणि ऐकत राहायचे. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, गुरूवरच्या एका वादळात आपली अख्खी पृथ्वी बुडेल, शनीला ठेवता येईल एवढी मोठी बादली मिळाली तर शनी तिच्यात तरंगेल. शाळेतल्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं होतं, ते काकांच्या तोंडून.

कात्री नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून काकांचा एक अख्खा भाग पुसला गेला होता. ती रडकुंडीला येऊन जिन्यात बसलेली काकांनी पाहिली, कारण विचारलं, आणि वर जाऊन निर्मात्याला म्हणाले, "कालचं माझं मलाच आवडलं नाही. पुन्हा करू." पुन्हा दीड तास उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. खरं काय झालं ते या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. त्या दिवसापासून ती काकांचा भाग दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

पहिली चूक तिला गोडच वाटली. शनीच्या कड्यांबद्दल सांगताना काका थांबले, हाताने हवेत गोल काढला आणि म्हणाले, "ती... ती शनीची बांगडी." मग स्वतःच हसले. तिने तेवढं कापलं आणि जुन्या एका भागातला "कडी" हा शब्द उचलून तिथे बसवला, वरून शनीचं चित्र सोडलं. कोट नेहमी तोच, आवाज तोच. कुणाला कळणार?

पुढच्या महिन्यात ते गुरूला तीनदा बुध म्हणाले. त्याच्या पुढच्या महिन्यात एक वाक्य सुरू करून त्यांनी मध्येच सोडून दिलं आणि दिव्यांकडे बघत राहिले, कुणीतरी हाक मारावी आणि कुठून ते कळू नये, तसे. तिने तेही सांधलं. मग दर आठवड्याला सांधू लागली. पूर्वी काकांचा भाग एका दिवसात व्हायचा, त्याला आता चार दिवस लागू लागले. नऊ वर्षांचं बोलणं तिच्याजवळ होतं. त्यातला एकेक शब्द हुडकून ती आजच्या वाक्यात बसवायची. पाच वर्षांपूर्वीचा "नेपच्यून" जरा भरदार यायचा, तर त्याला आजच्या आवाजाइतका बारीक करायची. खरं सांगायचं तर तिला या कामाची चटक लागली होती. निर्माता तयार भाग बघून म्हणायचा, "काका काय फॉर्मात आहेत!" आणि तिला मनातल्या मनात पाठीवर थाप पडल्यासारखं वाटायचं.

कुणाला सांगावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिने ते उद्यावर ढकललं. वय झालंय, थकतात, उन्हाळा संपला की बरं वाटेल. उन्हाळा संपला. पावसाळाही संपला.

एकदा काका तिच्या खोलीत येऊन मागे उभे राहिले. पडद्यावर ते स्वतः होते, मंगळावरच्या धुळीबद्दल सांगत होते. एक शब्द अडत नव्हता.

"हे मी बोललो?" काकांनी विचारलं.

"मग कोण बोललं? तुम्हीच की."

काका थोडा वेळ बघत राहिले. "बरं बोललो," म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. जिना चढायचा तर ते तळघराकडे उतरू लागले होते. तिने धावत जाऊन त्यांना वळवलं.

साडेचारशेवा भाग झाला तेव्हा केंद्राने कँटीनमध्ये छोटासा समारंभ ठेवला. केक होता, निळ्या कागदाचे ग्रह छताला टांगले होते. त्या दिवशी काकू पहिल्यांदाच केंद्रात आल्या. बुटकी, ताठ मानेची बाई. शाळेचे गणवेश शिवायचा त्यांचा धंदा. बोटाला सुया टोचून टोचून कातडी जाड झालेली. काका लोकांच्या घोळक्यात हसत उभे होते, कुणी काही विचारलं की "वा, वा," म्हणत होते. काकू कात्रीच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"तूच ना ती, यांचा कार्यक्रम करणारी?"

"हो काकू."

"मग तुला विचारते. इथे हा माणूस बोलतो ना?"

कात्रीला प्रश्न कळला नाही.

"अगं, शनिवारी मी हातातलं काम टाकून बघते. धबधब्यासारखे बोलत असतात. आणि घरी आले की तोंडात मिठाची गुळणी. मी दहा गोष्टी विचारल्या तर एकीला 'हूं'. आधी वाटलं तब्येत बरी नाही, डॉक्टरकडे नेते म्हटलं. पण मग शनिवारी टीव्ही लावला की सगळं लख्ख! म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. नको आहे ते माझ्याशी बोलणं." काकूंनी कागदी बशीतला केक चमच्याने नुसताच कुस्करला. "डोळ्याचं ऑपरेशन झालं माझं. न्यायला येतो म्हणाले, आलेच नाहीत. पट्टी बांधलेल्या डोळ्याने मी दोन तास दवाखान्याच्या दारात उभी. घरी येऊन बघते तर खुर्चीत बसलेले. विचारलं तर मूग गिळून गप्प. त्या दिवसापासून मी बाहेरच्या खोलीत झोपते. अकरा महिने झाले. चाळीस वर्षं संसार करून हे बघायचं राहिलं होतं."

कात्रीने खरं सांगायला तोंड उघडलं, पण समोरून निर्माता काकांचा हात धरून आला, "काकू, फोटो!" म्हणाला, आणि काकू उठून गेल्या. फोटोत त्या काकांपासून हातभर लांब उभ्या राहिल्या.

पुढचं रेकॉर्डिंग नेपच्यूनचं होतं. काकांनी पिशवीतून लिंबू काढलं, मिरीचा दाणा काढला, दोन्ही टेबलावर ठेवली आणि थांबले. लिंबू उचललं, वास घेतला, परत ठेवलं. "हे... कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं. कॅमेरामनने कॅमेऱ्यावरून मान वर काढली. काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, थोड्या वेळाने पुन्हा उभं केलं. तास गेला. हाताला लागली चार वाक्यं.

निर्मात्याने तिला बाहेर बोलावलं. "कराराचे अजून सहाच भाग आहेत. जुन्यातलं आहे ना तुझ्याकडे भरपूर?"

"माझ्याकडे आहे. त्यांच्याकडे काही उरलं नाही."

"तू मनात आणलंस तर होईल. आजवर झालंच ना?"

आजवर झालंच ना! म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. तिने खोलीला कुलूप लावलं, लॅपटॉपमध्ये त्या दिवशीचं न कापलेलं रेकॉर्डिंग घेतलं आणि दुपारच्या बसने काकांचं घर गाठलं.

केंद्राच्या गाडीने आधीच पोचलेले काका आत झोपले होते. बाहेरच्या खोलीत मशीनवर काकू बाह्या जोडत होत्या. भिंतीलगत पातळ गादीची गुंडाळी, तिच्यावर एकच उशी. कात्रीने कापडांचा ढीग बाजूला करून लॅपटॉप ठेवला आणि सुरू केला.

काकूंनी आधी चष्मा शोधला. मग बघू लागल्या. पडद्यावर काकांनी लिंबाचा वास घेतला. "हे कुणाचं आहे?" म्हणाले. काकूंचा पाय मशीनच्या पायडलवर होता तो तसाच राहिला. त्यांनी सगळं पाहिलं, कुणीतरी पुढे केलेला पाण्याचा पेलाही पाहिला, आणि संपल्यावरही त्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या.

"हे आजचं?"

"आजचं."

"आणि शनिवारी मी बघते ते?"

"ते मी करते, काकू. ते अडतात, मी काढून टाकते. शब्द चुकला की जुना बसवते."

"कधीपासून?"

"चौदा महिने."

काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "कपड्याचा रफू मला रस्त्याच्या पलीकडून दिसतो," त्या म्हणाल्या. "हा कसा नाही दिसला?" मग एकदम आवाज चढला. "अकरा महिने मी त्या माणसाकडे पाठ करून झोपले! काय नाही ते बोलले त्यांना. ढोंगी म्हणाले. जेवणाचं ताट आदळलं समोर. आणि तू तिथे बसून..."  आत काकांनी कूस बदलली, खाट वाजली. काकूंनी पदराने तोंड दाबून धरलं.

मग पदर सोडून त्या म्हणाल्या, "काढून टाकलेलं फेकून देतेस का?"

"नाही. असतं."

"सगळं आण. एकही सोडू नकोस."

दोन दिवस कात्रीने दुसरं काही केलं नाही. चौदा महिन्यांतले काढलेले तुकडे एकाला एक जोडले. एक्केचाळीस मिनिटं भरली. थांबलेले काका, चुकलेले काका, हवेत शब्द चाचपडणारी बोटं. कापताना तिने फक्त कामाचं काय उरतं तेवढंच ऐकलं होतं. बाकीचं आता पहिल्यांदा कानावर पडत होतं. एका तुकड्यात रेकॉर्डिंग थांबलं होतं, पण कॉलरचा माइक चालूच राहिला होता. काका कॅमेरामनशी बोलत होते, थांबत थांबत, पण पुरते शुद्धीवर.

"घरी मी हल्ली कमीच बोलतो. बोललं की... चुकतं. मग तिला कळेल. ती भांडते ते बरंय रे. भांडणारी बाई घाबरलेली नसते." मग जरा वेळ नुसता कापडाचा आवाज. "इथे बरंय. खाली ती पोरगी बसलीय ना, ती माझं नीट करून देते. तिला वाटतं मला माहीत नाही."

कात्रीने तो तुकडा पाच वेळा ऐकला. बोट कापायच्या बटणावर होतं. हा एक काढला तर कुणाला कळणार होतं? काकूंचं दुःख तेवढंच राहील, त्यात आणखी भर पडणार नाही. तिने हात मांडीखाली दाबून धरला, आणि तुकडा होता तिथे राहू दिला.

काकूंनी सगळी एक्केचाळीस मिनिटं एका बैठकीत पाहिली. कात्री दाराशी उभी. तो तुकडा आला तेव्हा काकूंनी हात वर केला. कात्रीने मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा हात. तिसऱ्यांदा लावला.

"म्हणजे तुम्हा दोघांचं ठरलेलं होतं," काकू म्हणाल्या.

"नाही काकू. आम्ही एका शब्दाने बोललो नव्हतो."

"न बोलता ठरलं, मग तर आणखी वाईट. मला घाबरायचं होतं गं. माझा हक्क होता तो. तुम्ही दोघांनी मला भांडायला लावलंत."

 कात्रीने माफी मागायचा प्रयत्न केला, पण शब्द तोंडातच घोळले. काकू उठून आत गेल्या. दार लोटलेलं होतं. काकांचं "अं? काय झालं?" ऐकू आलं, आणि मग काकूंचा आवाज, इतका हळू की शब्द कळले नाहीत. कात्री चपला घालून निघाली. मागे वळून पाहिलं तेव्हा बाहेरच्या खोलीतली उशी जागेवर नव्हती.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रोग मागे फिरणारा नव्हता. औषधं वर्षभर आधी सुरू झाली असती तर, असं काकूंनी विचारलं. "फार फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले, "थोडा पडला असता." काकूंनी हे कात्रीला फोनवर सांगितलं आणि विचारलं, "थोडा म्हणजे किती गं? महिना? चार महिने?" जणू तिला माहीत असणार. मग फोन ठेवून दिला.

कार्यक्रम बंद झाला. केंद्राने जुने भाग पुन्हा लावायला घेतले. कात्रीने बदली मागून बातम्यांकडे घेतली. तिथे कापायचं असतं, पण कुणाच्या तोंडात शब्द घालायचे नसतात. शनिवारी मात्र ती काकांकडे जाऊ लागली. पहिल्या शनिवारी काकूंनी दार उघडलं, तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "माफ वगैरे करायला मला जमत नाही. आत ये. चहा टाकते."

काका खिडकीशी बसलेले असत. काकूंनी त्यांच्या कपाटातलं लहान मुलांसाठीचं ग्रहांचं पुस्तक काढलं होतं. चाळीस वर्षं ज्या बाईने मान वर करून आकाशाकडे पाहिलं नव्हतं, ती आता काजं करता करता मोठ्याने वाचायची. "युरेनस हा कुशीवर लोळत लोळत सूर्याभोवती फिरतो. बघा, तुमच्यासारखाच आळशी." काका हसायचे. हसायचं कशाला ते कळायचं की नाही, कोण जाणे. एका शनिवारी काकूंनी वाचलं, "शुक्र स्वतःभोवती पृथ्वीसारखाच फिरतो," बहुधा ओळ चुकून, आणि काका खडसावून म्हणाले, "उलटा! शुक्र उलटा फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो." अख्खी दोन वाक्यं. काकू सुई तशीच धरून बसल्या. मग त्या दिवसभर मुद्दाम चुकीचं वाचत राहिल्या, चंद्राला चार कडी लावली, मंगळ हिरवा केला, पण काका पुन्हा बोलले नाहीत.

तसं बोलणं त्यानंतर आलंच नाही. मग नावं गेली, आधी कात्रीचं, मग काकूंचं. काकूंना ते आई म्हणू लागले आणि काकूंनी तेही चालवून घेतलं. दुसऱ्या वर्षाच्या थंडीत छातीत कफ साचला, आणि एका दुपारी, काकू खाली दूध आणायला गेल्या होत्या तेवढ्या वेळात, काका गेले. काकूंनी पहिला फोन बहिणीला केला आणि दुसरा कात्रीला.

पंधरा दिवसांनी शनिवारी कात्री गेली. खुर्ची खिडकीशीच होती. केंद्रातून एक बाई आल्या होत्या, काकू म्हणाल्या, काकांवर एक खास भाग करायचाय, जुन्यातलं निवडून; नाही म्हणून सांगितलं. दोघींनी चहा घेतला. काकू काकांच्या कपड्यांची गाठोडी बांधत होत्या; करड्या कोटाची त्यांनी दोनदा घडी घातली, दोनदा उलगडली.  निघताना काकू दारापर्यंत आल्या.

"पुढच्या शनिवारी येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

कात्रीने मान हलवली. हे कधीतरी ऐकावं लागणार, हे तिला ठाऊक होतं.

"त्याच्या पुढच्या शनिवारी ये. मधला एक मला एकटीला हवाय."

त्यांनी दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि कात्री कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.